चौसाळकर काकूंचा कमोड

"हसणार नसशील तर आत ये," चौसाळकर काकू दारातच म्हणाल्या.

मी पायरीवर उभी होते. एका हातात पाना-हातोडीची पिशवी, दुसऱ्या हातात बादली.

"हसू कशाला, काकू?"

"आधी कबूल कर."

"नाही हसत."

"आणि बाहेर कुठं बोलायचं नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही."

मी मान हलवली, तेव्हा कुठं त्यांनी दार पूर्ण उघडलं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबाजोगाईत आमचे हे प्लंबिंगची कामं घेत. व्यंकट सुरवसे म्हटलं की तेव्हा निम्मं गाव ओळखायचं. लग्नानंतर चार वर्षांनी मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. आधी नुसतं सामान धरायला. घरात बाई एकटी असली की बरोबर बाईमाणूस असलेलं तिलाही बरं वाटायचं. धरता धरता हातात काम येत गेलं. नळाचा वायसर बदलणं, फ्लशची टाकी उघडून जोडणं, तुंबलेलं मोकळं करणं. पण एकटीनं कुठलं काम घेतलं नव्हतं. त्या आठवड्यात हे परळीला एका नव्या इमारतीच्या कामावर होते आणि काकूंचा निरोप आला होता, "तुमच्यात एक बाई येते म्हणे. तिलाच पाठवा. गडीमाणूस नको."

घर बघून मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच घरी आले की काय. फरशी अशी की त्यात खिडकी दिसत होती. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावलेले, पायपुसणं घडी मोडू नये इतकं नीट. साठी ओलांडलेल्या काकू माझ्यापुढं चालत होत्या आणि मधूनमधून कोरडं खोकत होत्या. त्यांचे हात पाहिले तर बोटं लाल, सालं निघालेली.

मागच्या बोळीत संडास होता. दार उघडलं तसा ॲसिडचा वास नाकात घुसला, डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यात चार रिकाम्या बाटल्या, दोन लोखंडी घासण्या, विटकरीचा एक तुकडा. आणि मधोमध कमोड. मूळचा पांढरा असणार. आता आतून पिवळा, पाण्याच्या रेषेवर तपकिरी, आणि मागच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत चहाच्या रंगाचे ओघळ. टाकीतून पाणी झिरपत होतं, सारखं, बारीक आवाज करत.

काकू पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "बघितलंस?"

"बघतेय."

"दिवसातून दोनदा घासते. आधी पावडर टाकते, मग ॲसिड, मग ही लोखंडी घासणी. गुडघे टेकून घासते गं. तरी दुसऱ्या दिवशी तसंच. माझ्या सासूबाई दुसऱ्याच्या घरी गेल्या की चहाआधी मोरी बघून यायच्या. त्या असत्या तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "परवा मुलगा येणार आहे पुण्याहून. सून, नात. तेवढं पांढरं करून दे. तुमच्याकडं काही औषध असेल ना?"

मी वाकले. टाकीचं झाकण काढलं. टाकी भरली की पाणी बंद करणारा आतला बॉलकॉक खारानं इतका जाड झाला होता की चुना फासल्यासारखा दिसत होता. म्हणून पाणी थांबत नव्हतं. भांड्याच्या वरच्या कडेखाली बोट फिरवलं. तिथं भोकं असतात, त्यातून फ्लशचं पाणी चारी बाजूंनी फिरून येतं. बहुतेक भोकं बंद. पाणी मागच्या दोन-तीन भोकांतून तेवढं यायचं आणि एकाच जागी ओघळायचं.

मी छन्नी काढली, कडेला हलकेच टेकवून हातोडीचा एक टोला दिला. टप्‌ करून बोटाएवढी खपली निघाली. ती बादलीत धुतली आणि काकूंपुढं धरली.

"हात पुढं करा."

"शी! काय करतेस!"

"धुतलीय. करा तर."

त्यांनी तोंड वाकडं करत तळहात पुढं केला. मी खपली त्यावर ठेवली.

"काय लागतंय हाताला?"

"...खडा."

"खडाच आहे. काकू, ही घाण नाही. हा दगड आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुमचं बोअर किती खोल आहे?"

"तीनशे वीस फूट."

"त्या पाण्यात खार आहे. अंघोळीचं पाणी तापवता त्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो की नाही?"

"धरतो. खरवडावा लागतो."

"मग त्याला घाण म्हणता का तुम्ही? त्या पातेल्याची लाज वाटते का? तोच खार इथं साठलाय. टाकी गळतेय म्हणून चोवीस तास साठतोय. त्यात तुम्ही लोखंडी घासणीनं वरची चकाकी खरवडून काढली, म्हणून तो आणखी घट्ट धरतोय. जेवढं घासाल तेवढं वाढणार."

काकू त्या खपलीकडं बघत राहिल्या. तळहातावर ती उलटी केली, सुलटी केली. मग पदराच्या टोकानं पुसली, जणू कुणाची तरी पडलेली वस्तू सापडली होती. स्वयंपाकघरात गेल्या. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मी टाकीत डोकं घालून काम असल्यासारखं केलं.

थोड्या वेळानं चौसाळकर काका वर्तमानपत्राची घडी घालत बोळीत आले. पोस्टातून निवृत्त झालेला, सरळ, कमी बोलणारा माणूस.

"काय म्हणतंय?" त्यांनी मलाच विचारलं.

"दुरुस्ती होईल, पण टिकणार नाही. आज ॲसिडनं पांढरं करून दिलं तर दोन महिन्यांत परत असंच. भांड्याची चकाकी गेलीय. बदललेलं बरं."

"मी म्हणतच होतो, बदलून टाकू."

"कधी म्हणालात?" काकू आतून.

काकांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली. "मनात म्हणत होतो."

मी अंगणात जाऊन ह्यांना फोन लावला. भांड्याबद्दल बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून घर कुणाचं ते सांगितलं नाही, फक्त काम सांगितलं.

"नवं बसवायच्या भानगडीत एकटीनं पडू नको," हे म्हणाले. "एक सूत इकडंतिकडं झालं तर सगळं पाणी घरात येतं. घासूनपुसून पांढरं करून दे. मी रविवारी येतो, मग बघू."

"परवा पाहुणे येणारेत त्यांच्याकडं."

"म्हणूनच म्हणतोय ना."

फोन ठेवला. काय करावं ते सुचेना. घासून पांढरं करून दिलं असतं तर मी अर्ध्या दिवसात मोकळी झाले असते, काकूही खूश झाल्या असत्या. दोन महिन्यांनी त्या परत गुडघे टेकून बसल्या असत्या. त्यांचे ते हात डोळ्यांपुढून हलेनात. मी परत आत गेले आणि म्हणाले, "काका, दुकानात जाऊन भांडं घेऊन या. मागच्या पाइपचं माप देते. ते चुकवू नका."

काका रिक्षा करून गेले. मी पाणी बंद केलं आणि जुनं काढायला घेतलं. बोल्ट गंजून एकजीव झालेले. खालचं सिमेंट फोडता फोडता दंडात गोळे आले. काकू दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. आता त्यांना वासाचं, राड्याचं काही वाटेना. "इकडून मार की," "ते बघ, हललं," असं चाललं होतं. शेवटी भांडं सुटलं, पण सुटताना खालून तडकलं आणि एक मोठा तुकडा माझ्या हातात आला.

"इकडं या, बघा."

पाणी जिथून खाली जातं ती वाट आडवी फुटली होती. आत गोल गोल थर धरलेले, झाडाचा बुंधा कापल्यावर दिसतात तसे. एवढ्या रुंद वाटेत मधे जेमतेम रुपयाएवढं भोक उरलं होतं.

"अगं बाई!" काकूंनी हात तोंडावर नेला. "आणि मी वरून घासत होते!"

त्या हसायलाच लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मी कबूल केलं होतं, पण माझ्याच्यानं राहवेना, मीही हसले.

आम्ही दोघींनी मिळून ते जुनं भांडं ओढत अंगणात नेलं आणि जाईच्या वेलाशेजारी ठेवलं. उन्हात ते आणखीच भयंकर दिसत होतं. मी पाइपात अडकलेला खार काढायला तार शोधत होते, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. काका इतक्या लवकर कसे आले म्हणून मी वळले.

रिक्षातून एक तिशीची बाई उतरली. जीन्स, कुर्ता, खांद्याला मोठी पिशवी. तिच्या हाताला धरून चार वर्षांची मुलगी. बाजूला पाहिलं तर काकू नव्हत्या. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं.

"आई आहेत ना?" बाईनं विचारलं. "मी रसिका, त्यांची सून. अभयला उद्याशिवाय सुट्टी नाही, पण आम्हा दोघींना पहाटेची गाडी मिळाली. कळवायला फोन केला होता, कुणी उचलला नाही."

आम्ही हातोडी चालवत होतो तेव्हा वाजला असणार.

"आहेत की, आत आहेत. या." दुसरं काय म्हणणार?

मुलगी कमोडकडं टक लावून बघत होती. "आई, ह्यांनी कमोड बागेत का ठेवलाय?"

"मुक्ता!"

"पण मला शू आलीय."

रसिका माझ्याकडं बघू लागली, मी बोळीकडं. तिथं फरशीत एक उघडं भोक तेवढं होतं.

"बाई, दुरुस्ती चाललीय होय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा. "मग मी लॉजवर फोन करते, खोली आजपासूनच मिळते का बघते. असंही आमचं सामान तिकडंच असतं."

"लॉज कशाला, वहिनी?"

"आम्ही नेहमी लॉजवरच राहतो." तिनं पिशवीतून मोबाइल काढला. "आईंना नाही आवडत आम्ही इथं राहिलेलं."

"असं कसं म्हणता?"

"लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा दुपारी छान पुरणपोळी वाढली. संध्याकाळ झाली तर स्वतःच म्हणाल्या, तुमची सोय लॉजवर केलीय. नव्या सुनेला." ती हसल्यासारखं करून बोलत होती. "पुण्याला जाईपर्यंत रडत होते मी. माझं काय चुकलं तेच कळेना. पाच वर्षं झाली. एकदा म्हणून राहा म्हणाल्या नाहीत. मग मीही विचारायचं सोडलं."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दार बोटभर उघडं होतं. आत काकूंच्या लुगड्याचा निळा काठ दिसत होता. त्या सगळं ऐकत होत्या.

बाहेर बोलायचं नाही असं सकाळीच कबूल केलेलं. घरच्यांच्या भानगडीत पडायचं नाही हे तर ह्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पाइपाचं बघायचं आणि निघायचं. पण मला ती खपली पुसणारे काकूंचे हात आठवले आणि मी बोलून गेले.

"वहिनी, हे बघा." मी तडकलेला तुकडा उचलला. "ह्यामुळं म्हणाल्या नाहीत त्या."

"काय?"

"हा रंग बघा. रोज दोनदा घासायच्या. ॲसिडनं हात सोलून घेतलेत. त्यांना वाटायचं ही घाण आहे, आपल्याला घर ठेवता येत नाही, सून बघेल आणि काय म्हणेल. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत तुम्हाला लॉजवर. ही घाण नव्हतीच. बोअरच्या पाण्याचा खार आहे. आज सकाळपर्यंत त्यांनासुद्धा माहीत नव्हतं."

रसिकानं तो तुकडा माझ्या हातातून घेतला. धुतलेला नव्हता, तरी घेतला.

"ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. "पाच वर्षं? मी तर कधी लक्ष देऊन बघितलंसुद्धा नाही हो. आमच्या फ्लॅटमध्ये टँकर येतो, आमच्याकडंही बाथरूमची टाइल अशीच झालीय." तिचा आवाज वर गेला. "आई! आई, बाहेर या!"

दार उघडलं. काकू उंबऱ्यावर आल्या, पण पुढं पाऊल टाकेनात. सासू-सून दोघी एकमेकींकडं बघत उभ्या.   आता ह्या मला हाकलून देणार असंच वाटत होतं.

"आजी," मुक्ता पाय जुळवून म्हणाली, "मला खूप आलीय."

काकू तरातरा खाली उतरल्या. नातीचा हात धरला, पायात चपला नसतानाच फाटकाबाहेर गेल्या आणि शेजारचं दार वाजवलं. "तांबोळी भाभी! ओ भाभी! दार उघडा जरा, आमच्या बाईसाहेबांना घाई आहे!"

नंतर भाभींनीच मला सांगितलं, काकू त्यांच्या घरात सात वर्षांनी आल्या होत्या. आपण कुणाकडं गेलो की लोक आपल्याकडं येतात, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं होतं. हळदीकुंकू बंद, भिशी बंद. लोकांना वाटायचं, बाई गर्विष्ठ आहे.

त्या परत आल्या तेव्हा बरोबर भाभीही होत्या, डोक्यावर पदर घेऊन, जुनं भांडं बघायला. "एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "आमचं तर ह्याच्याहून काळं हाय. बाई, उद्या आमच्याकडं येऊन जा बरं." काकूंनी रसिकाच्या दंडाला धरलं होतं. दोघींचे डोळे लाल होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मला कुणी हाकलून दिलं नाही, एवढं खरं.

काका नवं भांडं घेऊन आले. फाटकात सून, नात, शेजारीण आणि मोडका कमोड असं सगळं एकदम बघून ते जागीच थांबले.

"मी पोस्टाचा माणूस," ते हळूच म्हणाले. "पण इतकं सगळं एका दिवसात पोचलेलं कधी बघितलं नव्हतं."

मग माझं खरं काम सुरू झालं. पाइपातला खार तारेनं आणि छन्नीनं काढला, बादलीनं पाणी ओतून बघितलं, गडगड करत सरळ गेलं. भांडं बसवलं, लेव्हल लावली. एक सूत डावीकडं. उचललं, परत सिमेंट घातलं, परत लावली.  ह्यांचं वाक्य कानात घुमत होतं. चौथ्यांदा बुडबुडा मधोमध थांबला तेव्हा मी तिथंच फरशीवर बसून घेतलं. रसिका पुढं आली, कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. "व्हाइट सिमेंट मी कालवू का? किती पाणी घालायचं?" मी सांगितलं तसं तिनं कालवलं. मी कडेनं भरत गेले. काकू ओल्या फडक्यानं सांडलेलं टिपत होत्या, लोखंडी घासणीला हात न लावता.

टाकी जोडून झाल्यावर मी काकूंना नीट समजावलं. टाकी गळायला लागली की लगेच कुणाला तरी बोलवायचं, महिनोन्‌महिने झिरपू द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून भांड्यात टाकायचं, काही तास राहू द्यायचं, मग मऊ ब्रश फिरवायचा. ॲसिड परत घरात आणायचं नाही. थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्यायचा.

"राहू द्यायचा," काकू स्वतःशी म्हणाल्या. त्यांना ते म्हणून बघायचं होतं.

"आणि सिमेंट वाळेपर्यंत वापरायचा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी बसायचं नाही."

 ऊन उतरलं होतं. काकूंनी सुनेकडं पाहिलं, खाली पाहिलं, परत पाहिलं.

"रसिका," त्या म्हणाल्या. "राहा."

रसिकानं सिमेंटचे हात फडक्याला पुसले.

"घरात आज संडाससुद्धा नाही. तरी राहा."

"भाभींकडं जाऊ की," रसिका म्हणाली. तिला हसू फुटलं. "त्यात काय."

"मी सकाळी पोस्टात जाऊन येईन," काका म्हणाले. "माझी अजून ओळख आहे तिथं."

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर, ज्या रात्री घरात संडास नव्हता, नेमक्या त्याच रात्री चौसाळकरांची सून पहिल्यांदा सासरी मुक्कामाला राहिली.

मी हातपाय धुऊन सामान आवरत होते. रसिकानं मला खुर्ची दिली, पोहे दिले. "तुम्ही हे शिकलात कुठं? घरी कौतुक करत असतील ना?"

"सासरी माहीत आहे," मी म्हणाले. "माहेरी नाही."

"म्हणजे?"

"माहेरी सांगितलंय की मी हार्डवेअरच्या दुकानात बसते. आबा एसटीत कंडक्टर होते. कडक इस्त्रीची खाकी घालून निघायचे, गावात मान आहे त्यांना. त्यांची मुलगी लोकांचे संडास काढते, बसवते, हे त्यांना कसं सांगायचं? सहा वर्षं झाली. आता तर त्यांच्याकडं जाणंही कमी केलंय. कुणी तिथं विचारलं तर खोटं बोलावं लागतं."

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. काकू पोह्यांवर खोबरं घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला पाच वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तू सहा लावलीस. अजून किती लावणार?"

 आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी थोडे पोहे वाढले.

रविवारी हे परळीहून आले. काकूंना विचारून मी त्यांना चौसाळकरांकडं घेऊन गेले. त्यांनी लेव्हल लावून बघितली, पाणी सोडून बघितलं, खाली वाकून कडेनं बोट फिरवलं. "बरं झालंय," एवढंच म्हणाले, पण घरी येताना माझ्या हातातली पिशवी न मागता घेतली. दुपारच्या गाडीनं मी एकटीच घाटनांदूरला माहेरी गेले.

आबा ओसरीवर बसले होते. आई शेंगा फोडत होती. मी पाणी प्यायले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर बोलणं झालंच नसतं.

"आबा, मी दुकानात बसत नाही. ह्यांच्याबरोबर कामाला जाते. नळाचं, पाइपाचं. संडासांचं. परवा एका घरचा कमोड काढून नवा बसवला. एकटीनं."

आईचे हात थांबले. आबांनी चष्मा काढला.

"जुना कुणी काढला?"

"मीच."

"लेव्हल कुणी बघितली?"

"मीच. चार वेळा."

"किती दिवस चाललंय हे?"

"सहा वर्षं."

आबा उठले. आत गेले. आई माझ्याकडं बघत होती, मी जमिनीकडं. वाटलं, आता येतील ते थेट बाहेर, मला गाडीवर सोडायला.

"मने," आतून हाक आली. "जरा इकडं ये."

मी गेले. मागच्या बाजूला संडासाच्या दारात आबा उभे होते. भिंतीवरच्या टाकीतून बारीक आवाज करत पाणी गळत होतं आणि भांड्यात ओळखीचा पिवळा ओघळ उतरला होता.

"सहा महिने झाले थांबेना," आबा म्हणाले. "गावातला माणूस तीनदा येऊन गेला. दर वेळी म्हणतो झालं, आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू. बघ, तुला जमतंय का."

मी पदर खोचला आणि झाकण उचललं. आत अंधार होता. आबांनी कोनाड्यातली बॅटरी आणली, आयुष्यभर तिकिटं पंच करत आलेल्या त्या हातात ती धरली आणि माझ्या खांद्यावरून आत वाकून बघू लागले.

"थोडी वर धरा, आबा," मी म्हणाले.

आबांनी वर धरली.